खिडकी उघडते पण चित्र हलत नाही: लांबच्या मशीनवरच्या ग्राफिक्सबद्दल वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या प्रश्नांत दुखणं एकच आहे, फक्त रूपं वेगळी. मशीन लांब, आपण घरी, मध्ये एसएसएच (लांबच्या मशीनवर सुरक्षित लॉगिन करायची सोय) नाहीतर व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कपर्यंतचा खासगी बोगदा), आणि थ्रीडी काहीही उघडलं की सगळं ठप्प. म्हणून सदराची सगळी जागा त्यालाच देतोय. कमांड उच्चाराप्रमाणे छापल्यात, टाईप करताना नेहमीच्या इंग्रजी स्पेलिंगनेच करा.

प्रश्न: सर नमस्कार, मी पुण्यात पीएचडी करतेय, सिम्युलेशन संस्थेच्या क्लस्टरवर (एकत्र जोडलेल्या बऱ्याच मशीनवर) चालतं आणि तिथे एनव्हिडियाची चांगली कार्डं आहेत. घरी उबुंटूचा लॅपटॉप आहे, त्यावरून एसएसएच -एक्स (एक्स कॅपिटल, लांबच्या खिडक्या आपल्या स्क्रीनवर आणायला) करून पॅराव्ह्यू, म्हणजे सिम्युलेशन थ्रीडीत दाखवणारा प्रोग्रॅम, उघडते. खिडकी येते, जीएलएक्सगिअर्स या छोट्या चाचणी प्रोग्रॅमची चाकंही फिरतात, पण माझी फाईल उघडली की माऊसने जरा वळवायचं म्हटलं तरी चित्र बऱ्याच वेळाने एकदम उडी मारतं. नेट १०० एमबीपीएसचं आहे. -सी (कॅपिटल, कॉम्प्रेशनसाठी) लावून बघितलं, फार फरक नाही. सिनियर म्हणाला सायफर (एन्क्रिप्शनची पद्धत) ब्लोफिश कर, तर एररच येते. गाईड म्हणतात लॅपटॉप बदल. बदलू का?

उत्तर: लॅपटॉप बदलू नका, पैसे वाया जातील. आधी फक्त एवढं शोधा की चित्र नक्की कुठे काढलं जातंय. एसएसएचच्या त्याच सेशनमध्ये जीएलएक्सइन्फो -बी चालवा (बी कॅपिटल) आणि ओपनजीएल रेंडरर स्ट्रिंग असं लिहिलेली ओळ वाचा. दुसऱ्या टर्मिनलमधून त्याच नोडवर (क्लस्टरमधल्या त्याच मशीनवर) कार्डाचा वापर दाखवणारं एनव्हिडिया-एसएमआय लावून ठेवा आणि पॅराव्ह्यूत मॉडेल फिरवा. मला जवळजवळ खात्री आहे की रेंडररच्या जागी एलएलव्हीएमपाइप दिसेल आणि कार्डाचा वापर शून्यावरच बसलेला असेल. एलएलव्हीएमपाइप म्हणजे ग्राफिक्स कार्ड नाहीच, क्लस्टरचा प्रोसेसर एकेक पिक्सेल स्वतः मोजतोय आणि तयार झालेलं चित्र कच्चंच तुमच्याकडे ढकलतोय. शेजारचं महागडं कार्ड झोपलेलं आहे.

हे असं का होतं ते समजून घ्या, मग पुढचं सोपं जाईल. एक्स विंडो सिस्टिम १९८४ साली एमआयटीत सुरू झाली, आज आपण वापरतो ती अकरावी आवृत्ती १९८७ ची. त्यात सर्व्हर म्हणजे तुमच्या समोरचा स्क्रीन, आणि लांबच्या क्लस्टरवरचा पॅराव्ह्यू हा त्याचा क्लायंट, लोक इथेच उलटं समजतात. तेव्हाची कल्पना अशी की क्लायंटने चित्र पाठवायचंच नाही, फक्त रेघ ओढ, त्रिकोण भर असे हुकूम पाठवायचे आणि स्क्रीनवाल्या मशीनने काढायचं. ओपनजीएलसाठी (थ्रीडी चित्र काढायच्या हुकुमांची ठरलेली भाषा) यालाच इनडायरेक्ट रेंडरिंग म्हणतात. रांगोळीचा एकेक ठिपका फोनवरून सांगायचा आणि समोरच्याने आपल्या अंगणात काढायची, तसं. पन्नास ठिपके असतील तर छान जमतं, तुमच्या जाळीत लाखो त्रिकोण आहेत.

शिवाय हा रस्ता आता बंदच आहे. २०१४ च्या डिसेंबरात एक्स सर्व्हरच्या जीएलएक्स (एक्सवर ओपनजीएल चालवणारा भाग) कोडमधल्या सुरक्षेच्या बऱ्याच चुका बाहेर आल्या आणि २०१५ च्या १.१७ आवृत्तीपासून तो सर्व्हर बनवणाऱ्या एक्सऑर्गने इनडायरेक्ट जीएलएक्स मुळातच बंद ठेवायला सुरुवात केली. जुन्या गाईडमध्ये प्लस-आयजीएलएक्स लावून सर्व्हर सुरू करा, लिबजीएल ऑलवेज इनडायरेक्ट १ करा असं लिहिलेलं सापडेल, त्याच्या मागे लागू नका, कारण मेसात (लिनक्सवरची ओपनजीएलची फुकट लायब्ररी) इनडायरेक्टने मिळतं ते ओपनजीएल जेमतेम १.४ आणि पॅराव्ह्यूला लागतं किमान ३.२. चालणारच नाही.

मग जीएलएक्सगिअर्स का चालतं? त्याची खिडकी ३०० बाय ३०० ची असते. एका पिक्सेलला ४ बाइट धरले तर एक फ्रेम ३६० केबीची. तुमची पॅराव्ह्यूची खिडकी फुल एचडी, १९२० गुणिले १०८० गुणिले ४, म्हणजे जवळपास ८.३ एमबी. १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १२.५ एमबी, तेही सगळं मिळालं तर. म्हणजे नुसतं चित्र वाहून आणायलाच फ्रेममागे पाऊण सेकंदाच्या आसपास गेले, प्रोसेसरने ते काढायचा वेळ वेगळाच. -सी ने थोडं आकसतं पण ते सरसकट कॉम्प्रेशन आहे, चित्रांसाठी बनवलेलं नाही. आणि ब्लोफिशचा सल्ला फार जुना झाला, ओपनएसएसएचने २०१७ मध्ये ७.६ आवृत्तीत तो सायफर काढूनच टाकला. आजचे प्रोसेसर एईएस हार्डवेअरमध्येच करतात, तुमची अडचण एन्क्रिप्शन नाहीच आहे.

उपाय असा की चित्र तिथल्याच कार्डावर काढायचं आणि फक्त तयार फोटो, तोही जेपीईजीने दाबून, घरी आणायचा. त्यासाठी व्हर्च्युअलजीएल (चित्र तिथल्या कार्डावर काढून घेणारं) आणि टर्बोव्हीएनसी (तिथला डेस्कटॉप घरी दाखवणारं) ही जोडी आहे, दोन्ही फुकट, आणि बऱ्याच क्लस्टरवर मोड्यूल म्हणून आधीच टाकलेली असतात, मोड्यूल अव्हेल करून बघा. आधी स्लर्मकडून (क्लस्टरवरची कामं वाटून देणारा प्रोग्रॅम) जीपीयूवाला नोड मागून घ्या, लॉगिन नोडवर हे करू नका, तिथे बहुतेक वेळा कार्डच नसतं आणि बाकीच्यांचाही खोळंबा होतो. मिळालेल्या नोडवर व्हीएनसीसर्व्हर -लोकलहोस्ट ने सुरू करा म्हणजे तो नेटवर्कवर उघडा पडणार नाही. तो १ नंबरचा डिस्प्ले देईल, त्याचा पोर्ट ५९०१. आता घरून एसएसएच -जे ने लॉगिन नोडवरून उडी मारून थेट त्या नोडवर जा आणि सोबत -एल ५९०१:लोकलहोस्ट:५९०१ लावा (जे आणि एल दोन्ही कॅपिटल). व्हीएनसी व्ह्यूअरला पत्ता लोकलहोस्टचा द्यायचा. सगळं एसएसएचच्या आतून जातं, सुरक्षेत काहीच कमी होत नाही.

आतल्या डेस्कटॉपवर पॅराव्ह्यू नुसता उघडलात तर परत एलएलव्हीएमपाइपच मिळेल, ही गोष्ट भल्याभल्यांची राहून जाते. पुढे व्हीजीएलरन -डी ईजीएल लावायलाच हवं. व्हर्च्युअलजीएल ३.० च्या आधी नोडवर एक्स सर्व्हर चालू असावा लागायचा आणि त्यासाठी ॲडमिनच्या मागे लागावं लागायचं, आता ईजीएलमुळे (एक्स सर्व्हरशिवाय कार्ड वापरायची सोय) ती गरज गेली, फक्त कार्डाच्या डिव्हाइस फाईलवर तुम्हाला परवानगी हवी. खात्री करायला आधी व्हीजीएलरन -डी ईजीएल जीएलएक्सस्फिअर्स६४ चालवा. टर्मिनलमध्ये रेंडररच्या जागी एनव्हिडियाच्या कार्डाचं नाव आलं की काम झालं.

फक्त पॅराव्ह्यूच वापरायचा असेल तर आणखी एक वाट आहे आणि मला स्वतःला ती जास्त आवडते. जीपीयू नोडवर पीव्हीसर्व्हर (पॅराव्ह्यूचाच सर्व्हरचा भाग) चालवायचा, ११,१११ नंबरचा पोर्ट एसएसएचने घरी आणायचा, आणि लॅपटॉपवर बसवलेला पॅराव्ह्यू त्याला जोडायचा. दोन्हीकडची आवृत्ती तंतोतंत सारखी पाहिजे नाहीतर हात मिळवण्याआधीच तुटतं. जोडल्यावर सेटिंग्जमध्ये रेंडर व्ह्यूच्या पानावर रिमोट रेंडर थ्रेशोल्ड आहे, ती साधारण २० एमबीवर असते. डेटा त्याहून लहान असेल तर तो लॅपटॉपवर येऊन तिथेच रंगवला जातो, मोठा असेल तर तिकडे रंगवून चित्र येतं. लॅपटॉप हळू वाटला तर ती शून्य करा, म्हणजे सगळं तिकडेच होईल.

प्रश्न: एसएसएच -एक्स केलं की "एक्स११ फॉरवर्डिंग रिक्वेस्ट फेल्ड ऑन चॅनल ०" एवढंच येतं. डिस्प्ले व्हेरिएबल रिकामं. मग मी हाताने एक्सपोर्ट करून माझ्या लॅपटॉपचा आयपी टाकला तरी उघडत नाही. — सोलापूर

उत्तर: डिस्प्ले हाताने कधीच टाकू नका. एसएसएच ते स्वतः लोकलहोस्ट:१०.० असं भरतं आणि तसंच राहायला हवं, आयपी टाकलात की तुम्ही बोगदा सोडून उघड्या रस्त्याने जायला बघता. तुमच्या एररची दोन-तीनच कारणं असतात. लांबच्या मशीनवर एक्सऑथ (एक्सच्या परवानगीची किल्ली सांभाळणारं) हे पॅकेजच नसतं, सर्व्हर म्हणून बसवलेल्या लिनक्सवर हे हमखास. किंवा तिथल्या एसएसएचडी कॉन्फिगमध्ये एक्स११ फॉरवर्डिंग नो असतं. किंवा कोणीतरी त्या मशीनवर आयपीव्ही६ बंद केलेलं असतं, मग त्याच फाईलमध्ये ॲड्रेस फॅमिली आयनेट करून सर्व्हिस रिस्टार्ट करायची. टीमक्स (लाईन तुटली तरी सेशन चालू ठेवणारा प्रोग्रॅम) वापरत असाल तर अजून एक बघा, लाईन तुटून परत जोडलात की नवीन डिस्प्ले ११ झालेला असू शकतो आणि टीमक्सच्या आतल्या शेलला मात्र जुना १० च आठवत असतो.

प्रश्न: मी चिपळूणहून काम करतो, फायबर आहे. कंपनीचा व्हीपीएन लागतो, एसएसएचही लागतं, एलएस वगैरे चालतं. पण एक्सची कुठलीही खिडकी उघडली किंवा मोठी फाईल कॅट केली की स्क्रीन गोठतो तो गोठतोच, मग काही वेळाने कनेक्शन तुटतं. ऑफिसात बसून सगळं व्यवस्थित. आयटीवाले म्हणतात तुमचं नेट खराब, नेटवाला म्हणतो स्पीड टेस्ट बघा किती छान येतेय. मी मध्ये अडकलोय.

उत्तर: तुम्ही वर्णन इतकं नेमकं केलंय की निदान त्यातच आहे. छोटं जातं, मोठं अडकतं, हे एमटीयूचं, म्हणजे नेटवर्कवर एका पाकिटाच्या (पॅकेटच्या) कमाल आकाराचं लक्षण. यात नेटवाला खोटं बोलत नाही आणि आयटीवालेही नाहीत.

इथरनेटचं एक पाकीट १५०० बाइटचं. घरच्या फायबरवर बऱ्याच ठिकाणी पीपीपीओई (नेटवाल्याकडे लॉगिन करायची पद्धत) असतं, ते ८ बाइट खातं, उरले १४९२. त्यावर व्हीपीएन आपलं वेष्टन चढवतो, आणखी कमी. टर्मिनलमध्ये एकेक अक्षर टाईप करता तेव्हा पाकिटं इवलीशी असतात म्हणून कुठेच अडत नाहीत. चित्र सुरू झालं की प्रत्येक पाकीट काठोकाठ भरून निघतं, वाटेतल्या एखाद्या राउटरला ते मोठं पडतं, तो "तुकडे करून पाठव" असा आयसीएमपीचा (नेटवर्कमधल्या सूचना पाठवायची पद्धत) निरोप मागे धाडतो, आणि कुठल्यातरी फायरवॉलने आयसीएमपी सरसकट अडवलेलं असतं. निरोप पोचतच नाही. पाठवणारा तेच मोठं पाकीट परत परत पाठवत बसतो आणि तुम्ही गोठलेला स्क्रीन बघत बसता. स्पीड टेस्ट व्हीपीएनच्या बाहेरून होते म्हणून तिला यातलं काहीच कळत नाही.

तपासायचं असं. व्हीपीएन लावून ऑफिसच्या मशीनला पिंग करा, सोबत -एम डू आणि -एस १४७२ (एम कॅपिटल, एस लहान), विंडोजवर असाल तर -एफ आणि -एल १४७२. हे जाणार नाही. मग आकडा उतरवत या, १४५०, १४२०, १३९२ असं. जो पहिला जाईल त्यात २८ मिळवा, ती तुमची खरी मर्यादा, म्हणजे १३९२ गेला तर १४२०. व्हीपीएनच्या इंटरफेसला तेवढा किंवा थोडा कमी एमटीयू द्या, लिनक्सवर आयपी लिंक सेट डेव्ह टन० एमटीयू १४०० (तुमच्याकडे इंटरफेसचं नाव वेगळं असेल ते बघून). पिंगच बंद असेल तर सरळ १३०० टाकून खिडकी उघडून बघा, उघडली तर रोग सापडला. हे रिबूटनंतर जातं, म्हणून आयटीला सांगताना "नेट स्लो आहे" असं सांगू नका, सांगा की व्हीपीएनवर एमएसएस क्लॅम्पिंग (पाकिटं आधीच लहान ठेवायची सेटिंग) करून द्या, आणि हा पिंगचा आउटपुट जोडा. आकडे समोर असले की ते लगेच करतात, आणि तुमच्यासारखे घरून काम करणारे बाकीचेही सुटतात.

व्हीपीएन टीसीपीवर (हरवलेलं पाकीट परत पाठवणारी पद्धत) चालत असेल तर यूडीपीवर (ती परत पाठवत नाही) मिळतोय का तेही विचारा. टीसीपीच्या पोटात टीसीपी गेला की एक पाकीट हरवल्यावर दोघंही आपापल्या परीने परत पाठवायला लागतात आणि ग्राफिक्सची पार वाट लागते.

प्रश्न: कॉलेजच्या लॅबमधल्या पत्रकात लिहिलंय की खिडकी उघडत नसेल तर एक्सहोस्ट प्लस करा. मी लॅब असिस्टंट आहे, मुलं सगळी तेच करतात. एसएसएच असल्यावर सुरक्षितच ना? — डोंबिवली

उत्तर: नाही, आणि ती ओळ पत्रकातून आजच काढा, कृपा करून. एक्सहोस्ट प्लस म्हणजे माझ्या स्क्रीनला कोणीही जोडावं, कुलूप नको. एक्समध्ये एका खिडकीला दुसरीपासून लपवायची सोयच नाही, जो जोडला गेला तो तुमच्या कळा वाचू शकतो, स्क्रीनचा फोटो घेऊ शकतो. सामायिक मशीनवर शेजारच्या लॉगिनमधला मुलगा तुमचा पासवर्ड टाईप होताना वाचेल. विंडोजवर व्हीसीएक्सएसआरव्ही (विंडोजसाठीचा एक्स सर्व्हर) सुरू करताना डिसेबल ॲक्सेस कंट्रोल अशी टिकमार्क असते ती तर त्याहून वाईट, तिने तुम्ही अख्ख्या वायफायला दार उघडून देता.

एसएसएच फक्त वाट सुरक्षित करतं, टोकं नाही. -वाय (कॅपिटल) लावलात की लांबच्या मशीनवरच्या प्रोग्रॅमला तुमच्या स्क्रीनवर पूर्ण मोकळीक मिळते, आणि तिथल्या रूटलाही. -एक्स मध्ये बंधनं असतात, म्हणूनच खऱ्या -एक्सवर जीएलएक्स दिसतच नाही आणि "जीएलएक्स मिसिंग" अशी एरर येते, शिवाय २० मिनिटांनंतर नवीन खिडक्या नाकारल्या जातात. डेबियन आणि उबुंटूवर मात्र मुळातच ट्रस्टेड (पूर्ण मोकळीक) चालू ठेवलेलं असतं, त्यामुळे तिथे -एक्स आणि -वाय सारखंच वागतं, हे मुलांना नक्की सांगा. नियम म्हणून: ज्या मशीनच्या ॲडमिनवर तुमचा भरवसा आहे तिथेच -वाय.

मुलांची मूळ अडचण बहुतेक सूडो (ॲडमिन म्हणून कमांड चालवणं) केल्यावर खिडकी न उघडण्याची असणार. त्याला एक्सहोस्ट नको, सूडोच्या कमांडमध्ये एक्सऑथॉरिटी व्हेरिएबल आपल्या होममधल्या एक्सऑथॉरिटी फाईलकडे वळवलं की पुरतं.

प्रश्न: दादा, मी कोल्हापूरला ॲनिमेशनच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तासावर भाड्याने जीपीयू मशीन घेतलं, एसएसएच -एक्स करून ब्लेंडर उघडायला बघतोय तर नीट उघडतच नाही आणि मीटर चालूच आहे. ब्लेंडरच्या सायकल्स रेंडररमध्ये रेंडर करायचंय.

उत्तर: अरे, तुला खिडकीच नको आहे! सीन तर तू घरी बनवलायस, तिकडे फक्त फ्रेम काढायच्यात. सायकल्सला कुडा किंवा ऑप्टिक्ससाठी (एनव्हिडियाच्या कार्डावर रेंडर करायच्या दोन पद्धती) डिस्प्ले लागत नाही. ईव्हीचं (ब्लेंडरचा दुसरा रेंडरर) तसं नाही, तिला ग्राफिक्स कॉन्टेक्स्ट लागतो, म्हणून जुन्या आवृत्त्यांत ती बिनस्क्रीनच्या मशीनवर अडते.

घरीच फाईल मेनूतल्या एक्स्टर्नल डेटामध्ये जाऊन पॅक रिसोर्सेस कर, नाहीतर तिकडे टेक्स्चर सापडणार नाहीत आणि सगळं गुलाबी रेंडर होऊन येईल. आरसिंकने फाईल चढव. मग टीमक्स उघडून त्याच्या आत ब्लेंडर -बी, नंतर फाईलचं नाव, मग -ओ ने आउटपुटची जागा, -एफ पीएनजी (एफ कॅपिटल), -एस आणि -ई ने सुरुवातीची आणि शेवटची फ्रेम, आणि त्यानंतर -ए. त्याच्याही पुढे दोन डॅश, जागा सोडून डॅश डॅश सायकल्स-डिव्हाइस ऑप्टिक्स. क्रम महत्त्वाचा आहे, ब्लेंडर डावीकडून एकेक वाचून लगेच अमलात आणतो, -ए आधी आलं तर मागचं सगळं त्याला कळायच्या आत रेंडर सुरू होतं, आणि फ्रेम भलतीकडे पडतात. शेवटचं डिव्हाइसचं विसरलास तर तो मुकाट प्रोसेसरवर रेंडर करेल आणि कार्डाचं भाडं मात्र जाईल, म्हणून पहिल्या फ्रेमला एनव्हिडिया-एसएमआय बघच.

थेट एमपी४ काढू नकोस, पीएनजीच्या फ्रेमच काढ. मध्येच मशीन बंद पडलं तर एमपी४ हातचा जातो, फ्रेम असल्या तर उरलेल्याच काढायच्या. आउटपुटमधलं ओव्हररायटिंग बंद ठेव म्हणजे झालेल्या फ्रेम तो आपणहून वगळतो. सगळं उतरवून घेतलं की मशीन बंद केलंय ना ते पोर्टलवर जाऊन बघ, एसएसएचमधून बाहेर पडलं म्हणजे मीटर थांबत नाही.

प्रश्न: नाशिकला आर्किटेक्ट आहे. ऑफिसच्या विंडोज पीसीवर जीफोर्स कार्ड आहे. घरून रिमोट डेस्कटॉपने गेलो की थ्रीडी सॉफ्टवेअर म्हणतं ओपनजीएल १.१, जीडीआय जेनेरिक. ऑफिसात बसलो की सगळं नीट. एकाने एसएसएच टनेल करून दिलाय, पण तरीही चित्र अडखळतं.

उत्तर: जीडीआय जेनेरिक म्हणजे विंडोजचं स्वतःचं सॉफ्टवेअर रेंडरिंग, कार्ड वापरातच नाही, वरच्या पुण्याच्या प्रश्नासारखंच. जीफोर्ससाठी एनव्हिडियाने २०२० मध्ये रिमोट डेस्कटॉपवर ओपनजीएल चालू करणारं एक छोटं टूल डेव्हलपर साईटवर दिलं, नवीन ड्रायव्हर टाकून ते ॲडमिन म्हणून एकदा चालवा. मग ग्रुप पॉलिसीत रिमोट डेस्कटॉप सेशन होस्टच्या खाली रिमोट सेशन एन्व्हायर्नमेंटमध्ये हार्डवेअर ग्राफिक्स ॲडॅप्टर वापरण्याची पॉलिसी एनेबल करा, त्याच पानावर एव्हीसी ४४४ ला (रंगांचा तपशील न गाळणारं व्हिडिओ कॉम्प्रेशन) प्राधान्य द्यायचीही आहे, तीही करा, बारीक रेघा आणि अक्षरं बरीच स्वच्छ दिसतात.

अडखळण्याचं कारण मला टनेलच वाटतो. रिमोट डेस्कटॉप जमलं तर चित्र यूडीपीवर पाठवतो, एसएसएचच्या टनेलमधून फक्त टीसीपी जातो. ज्याने करून दिलाय त्याने सुरक्षेच्या दृष्टीने चांगलंच केलंय, पण ग्राफिक्ससाठी वायरगार्डसारखा यूडीपीवरचा व्हीपीएन घ्या आणि त्याच्या आतून जोडा, तितकंच सुरक्षित आणि चित्र सलग. जोडल्यावर वरच्या निळ्या पट्टीवरच्या सिग्नलच्या चिन्हावर क्लिक केलं की यूडीपी चालू आहे का ते कळतं. आणि कोणी म्हणालं की कशाला एवढं, राउटरवर ३३८९ पोर्ट उघडून टाकू, तर त्याला राउटरला हातच लावू देऊ नका, त्या पोर्टवर पासवर्ड ठोकून बघणारे प्रोग्रॅम इंटरनेटवर दिवसरात्र फिरत असतात.